साका निघालेला आंबा आणि फेसबुकवरचा तो फोटो

पत्र थोडक्यात: देवगड तालुक्यातल्या एका बागायतदाराचं हे पत्र. वय ३६. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईतली नोकरी गेली आणि ते गावी परतले. वडिलांची हापूसची सव्वादोनशे कलमं. तोवर सगळा माल वाशीच्या दलालाकडे जायचा. त्या उन्हाळ्यात बाजार कधी बंद, कधी चालू अशी गत झाली, तेव्हा त्यांनी मुंबईतल्या जुन्या सहकाऱ्यांना व्हॉट्सॲपवर विचारून पेट्या थेट घरपोच पाठवल्या. आज ठाणे, डोंबिवली, पुणे आणि बंगळुरू मिळून ३४० घरं दरवर्षी त्यांच्याकडून आंबा घेतात. इन्स्टाग्रामवर सहा हजार फॉलोअर आहेत.

या मे महिन्यात पुण्यातल्या एका ताईंच्या पेटीत पाच आंब्यांना साका निघाला, म्हणजे आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा झालेला. ताईंनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. हंगामाच्या धांदलीत ते दोन दिवस पाहिलेच गेले नाहीत. मग ताईंनी तेच फोटो सोसायटीच्या फेसबुक ग्रुपवर टाकले, वर लिहिलं, ‘देवगडच्या नावाखाली फसवणूक’. आमच्या वाचकाने खाली उत्तर दिलं, ‘साका काय असतो ते माहीत नसेल तर हापूस खाऊ नका’, आणि त्यांचा नंबर ब्लॉक केला. त्यानंतर त्या सोसायटीतून एकही पेटी मागवली गेली नाही. आता एक एजन्सी सांगते आहे की दरमहा २० हजार द्या, चार महिन्यांत रील करून फॉलोअर ५० हजारांवर नेतो, एका पोस्टचं मग कुणाला काही वाटणार नाही. वडील म्हणतात, मोबाईलचा नाद सोड, पुन्हा दलालाला माल दे. ‘मी कुणाचं ऐकू? आणि ती पोस्ट अजून तिथेच आहे, तिचं काय करू?’

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मीही तुमच्याच बाजूने होते. वर्षभर कलमांची निगा राखायची, तुडतुडे, थ्रिप्स, अवकाळी पाऊस यांतून फळ वाचवायचं, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, एकेक काढायचं, पेंढ्यात भरायचं, आणि शेवटी कुणीतरी ‘फसवणूक’ असा शब्द लिहायचा. राग येणारच. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका वाक्यापाशी थांबले: ‘दोन दिवस ते पाहिलेच गेले नाहीत.’ तुमच्या सगळ्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच वाटतं, आणि तुम्ही ते जाता जाता लिहून गेला आहात.

ताईंच्या बाजूने ते दोन दिवस कसे गेले असतील ते पाहू. पेटी आली, आंबे पिकायला आठवडा गेला. घरी पाहुणे असतील, किंवा मुलांनी कधी कापतेस म्हणून भुणभुण लावली असेल. पहिला आंबा कापला, आत पांढरट, स्पंजासारखा गर. दुसरा कापला, तोही तसाच. वरून मात्र फळ सोन्यासारखं. ज्याला साका माहीत नाही त्याला काय वाटेल? इंजेक्शन दिलं असेल, कार्बाइड मारलं असेल, कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरला असेल. हे सगळं त्यांनी कुठे ना कुठे वाचलेलंच असतं. तरी त्यांनी आधी तुम्हालाच विचारलं. दोन निळ्या टिकल्यांची वाट पाहिली, मग चारचौघांत बोलल्या. फेसबुक ही त्यांची दुसरी पायरी होती, पहिली तुम्ही होता.

म्हणून तुमच्या पत्रातलं एक गृहीत मला आधी तपासावंसं वाटतं. तुम्ही लिहिता, ‘सोशल मीडियामुळे माझं नाव खराब झालं.’ मला तसं दिसत नाही. सोशल मीडियावर तुम्ही बोलायला होता, ऐकायला नव्हता, आणि त्याने नाव गेलं. सहा हजार लोकांना रील दाखवायला वेळ मिळाला आणि एका गिऱ्हाइकाचे फोटो उघडायला मिळाला नाही. हंगामात तुमचे हाल काय होतात ते मला ठाऊक आहे, म्हणून दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. पण एजन्सी चार महिन्यांचे मागते ते ८० हजार कुठे खर्च करायचे याचं उत्तर इथेच आहे.

त्या ८० हजारांचा हिशोब करू. तुमचा भाव सरासरी डझनाला ८०० रुपये आहे असं धरलं, तर एजन्सीच्या चार महिन्यांच्या पैशांत १०० डझन, म्हणजे १,२०० आंबे बदलून देता येतील. तुमच्या सगळ्या ३४० घरांत मिळून एवढी खराब फळं एका हंगामात निघाली, तर अडचण जाहिरातीची नसून तोडणीची आहे असं समजायचं. आणि निघाली नाहीत, तर पैसे उरले. आता दुसरी बाजू. ५० हजार फॉलोअर झाले तर आंबे कुठून देणार? कलमं सव्वादोनशेच आहेत. तुम्ही स्वतःच लिहिलं आहे की गेल्या वर्षी एक रील दीड लाख लोकांनी पाहिलं आणि त्यातून अकरा पेट्या गेल्या, तर जुन्या घरांनी एकमेकांना सांगून सत्तर. ज्याच्याकडे माल मोजका आहे त्याने गर्दी जमवून काय मिळवायचं? नव्या माणसाला ‘आंबा संपला’ म्हणून सांगण्यातच तुमचा मे महिना जाईल, आणि जुन्यांचे निरोप पुन्हा न उघडता पडून राहतील.

एजन्सीवाल्यांना मी वाईट म्हणत नाही. नव्या धंद्याला, ज्याला कुणीच ओळखत नाही, त्याला त्यांचा उपयोग होतो. तुम्हाला ओळखणारी ३४० घरं आहेत. हंगामाच्या अडीच महिन्यांसाठी गावातली कॉलेजात जाणारी एखादी मुलगी किंवा मुलगा पगारावर ठेवा, ज्याचं काम एवढंच की आलेला प्रत्येक निरोप त्याच दिवशी उघडायचा, तक्रार असेल तर तुमच्या कानावर घालायची. हा खर्च एजन्सीच्या मानाने फारच थोडा आहे. आणि व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे. त्यात गिऱ्हाइकांना लेबलं लावता येतात, ‘पैसे आले’, ‘पेटी निघाली’ अशी. त्यात एक लाल लेबल फक्त तक्रारीचं करा. रात्री झोपताना लाल लेबलाखाली कुणी उरलेलं नसावं.

त्याच ॲपमध्ये आपण हजर नसताना आपोआप जाणारा निरोपही ठेवता येतो. बहुतेक जण तिथे ‘आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू’ असं काहीतरी कोरडं ठेवतात. तुम्ही खरं ते लिहा: ‘सकाळी ११ पर्यंत आम्ही बागेत असतो. दुपारी २ ते ४ या वेळेत सगळ्यांना उत्तर देतो. आंबा खराब निघाला असेल तर फोटो पाठवून ठेवा, आज संध्याकाळच्या आत बोलतो.’ माणूस वाट पाहायला तयार असतो, किती वेळ पाहायची ते त्याला कळलं पाहिजे.

आता साक्याकडे येते. तुम्ही फेसबुकवर लिहिलंत ते चुकीचं नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं. साका हा खरोखर हापूसच्या पाठीला लागलेला दोष आहे. तो फसवणुकीचा पुरावा होत नाही. बाहेरून फळ बघून तो ओळखता येत नाही. फळ झाडावर जास्त वेळ राहिलं, काढल्यावर तापल्या कातळावर उन्हात पडलं, तर तो वाढतो, म्हणूनच दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे लोक वेळेवर तोडणी करायला आणि फळ सावलीत ठेवायला सांगतात. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून त्यांनी ‘रत्ना’ जात काढली, तिच्यात साका नसतो. हे सगळं तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. प्रश्न असा आहे की गेल्या पाच वर्षांत हे तुम्ही त्या ३४० घरांना कधी सांगितलंत का? मी तुमचं इन्स्टाग्रामचं पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. सूर्योदय आहे, पेट्यांचे मनोरे आहेत, ड्रोनने काढलेली बाग आहे, ‘१०० टक्के अस्सल’ आहे. साका हा शब्द कुठेही नाही.

समजा एप्रिलच्या सुरुवातीला, पहिली पेटी निघायच्या आधी, तुम्हीच साका निघालेला एक आंबा कापून त्याचा फोटो सगळ्यांना पाठवला असता. खाली चार ओळी: ‘हा साका. आमच्याही बागेत काही फळांत निघतो. बाहेरून कळत नाही. तुमच्या पेटीत निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढी फळं पुढच्या पेटीत देऊ किंवा पैसे परत करू.’ मग पुण्यातल्या ताईंनी आंबा कापल्यावर मनात म्हटलं असतं, ‘अरे, हा तर तो साका.’ त्याच फळाचा, त्याच फोटोचा अर्थ बदलला असता. दोष तुम्ही आधी सांगितला की ती माहिती असते, गिऱ्हाइकाला स्वतः सापडला की तीच गोष्ट लबाडी ठरते. माझं म्हणणं एवढंच आहे आणि बाकीचं सगळं त्यातूनच येतं: जे वाईट असेल ते तुमच्या तोंडून आधी जाऊ दे.

याच ओघात तुमच्या पेटीवरच्या चिठ्ठीबद्दल बोलते. तुम्ही तिचा फोटो जोडला आहे. ‘तक्रार माल मिळाल्यापासून २४ तासांत कळवावी.’ ही ओळ काढून टाका. पेटी कच्ची जाते, फळ पिकायला आठवडा लागतो आणि साका कापल्यावरच दिसतो. मग २४ तासांत कोण काय कळवणार? कुठल्यातरी कपड्यांच्या दुकानाच्या पावतीवरून ती अट उचललेली दिसते. वाचणाऱ्याला मात्र वाटतं की हा आधीच हात झटकून उभा आहे. त्याऐवजी ‘आंबा कापल्यापासून दोन दिवसांत’ असं लिहा.

वडिलांचं म्हणणं मी बाजूला सारणार नाही. दलाल म्हणजे लुटारू असं शहरातून आलेल्या माणसाला पटकन वाटतं, पण ज्या दिवशी एकदम पन्नास पेट्या तयार होतात आणि गिऱ्हाईक वीसच असतं, त्या दिवशी वाशीच कामी येते. थोडा माल तिकडे चालू ठेवा, त्यात हार मानण्यासारखं काही नाही. सगळाच माल मात्र परत तिकडे देऊ नका. वाशीला गेलेला आंबा कुणी खाल्ला हे तुम्हाला कधी कळणार नाही, आणि पाच वर्षांत जे कमावलंत ते हेच तर आहे, आंबा कोण खातं हे कळणं.

आणि मोबाईलवर वडीलच बोलू देत. मी खरंच म्हणते आहे. आमच्या लहानपणी घरी आंब्याची आढी घातली की आजोबा रोज सकाळी पेंढ्यात हात घालून फळं परतायचे, पिकलेलं वासावरून वेगळं काढायचे, आणि आम्हा पोरांना सांगायचे, साल जराशी सुरकुतू दे, मग खा. हे शहरातल्या तिशीतल्या जोडप्याला कुणी सांगितलेलं नसतं. ते कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवतात, तो पिकत नाही, आंबट लागतो आणि नाव तुमचं जातं. वडिलांच्या आवाजात एका मिनिटाचा निरोप ध्वनिमुद्रित करा, मालवणीतच: ‘आंबो कच्चो आसताना फ्रिजात घालू नका.’ पेंढ्यात कसा पसरायचा, एकावर एक का नको, कधी खायचा. पेटी पोचली की त्या घराला तो आवाज जाऊ दे. वडिलांचा मोबाईलवर राग का आहे, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? पत्रावरून मला वाटलं की त्यांची ४० वर्षांची जाण या नव्या धंद्यात कुणी मागितलेलीच नाही.

कुठे काय सांगायचं, याबद्दल तुम्ही विचारलं आहे. व्हॉट्सॲपवर ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, आणि त्यांनी तो तुम्हाला दिला होता, बाकीच्या ३३९ जणांना नाही. ब्रॉडकास्ट यादी बरी, तिच्यात एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा जातो, पण एका यादीत २५६ जणांपलीकडे मावत नाहीत, आणि ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जपून ठेवला आहे त्यांनाच तो निरोप पोचतो. म्हणून गावांप्रमाणे दोन-तीन याद्या करा आणि नंबर जपून ठेवायची विनंती पेटीतल्या चिठ्ठीवर छापा. ज्यांना नको असेल त्यांनी ‘नको’ एवढं लिहिलं की नाव काढा, कारण विचारू नका.

निरोप किती पाठवायचे? एजन्सी रोज म्हणेल. मी वर्षाला आठ-दहा म्हणेन, आणि तेही बागेत खरंच काही घडलं तर. मोहोर आला की एक. फळ सुपारीएवढं झालं की एक. जानेवारीत ढगाळ हवा पडून मोहोर गळला तर तोही, आणि सोबत स्पष्ट सांगा की यंदा पाडव्याला पेटी मिळणार नाही, अक्षय तृतीया धरून चला. भाव वाढवणार असाल तर कारणासकट फेब्रुवारीतच. ज्याने जानेवारीत गळलेला मोहोर पाहिला आहे, तो एप्रिलमध्ये भावावरून घासाघीस करत नाही. सणाच्या शुभेच्छांची तयार चित्रं मात्र पाठवू नका, ती प्रत्येकाला पन्नास ठिकाणांहून येतात.

शिवाय एक साधी वही ठेवा, कागदाची. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही जवळजवळ सहा तास बंद पडले होते. ऑक्टोबर होता म्हणून बरं, तुमच्या मे महिन्यात असं झालं तर? वहीत घराचं नाव, फोन, पत्ता आणि एक रकाना ‘लक्षात ठेवायचं’ म्हणून. कुणाला लहान फळ आवडतं, कुणाच्या आईला मधुमेह आहे म्हणून दोनच डझन लागतात, कुणाची मुलगी परदेशातून १० मेला येते. ९ मेला त्यांना फोन करून ‘मुलगी येतेय ना, पेटी ठेवलीय’ म्हणालात, तर त्या घराला दुसरा बागायतदार शोधायची गरज कशाला पडेल? ही वही मात्र घराबाहेर जाऊ देऊ नका, कुणा ओळखीच्या व्यापाऱ्यालाही देऊ नका.

तुमच्यासारख्या इतरांचीही पत्रं माझ्याकडे आहेत. येवल्याच्या एका विणकर कुटुंबाला पैठण्या परत येण्याचा त्रास आहे, कारण फोनवर रंग वेगळा दिसतो. त्यांनी तीच साडी उन्हात आणि ट्यूबलाइटखाली धरून दोन फोटो पाठवावेत आणि फरक स्वतःच दाखवावा. सांगलीच्या एका काकू कांदा-लसूण मसाला करतात, यंदा मिरची बदलल्याने तिखटपणा वाढला आहे. डबा उघडायच्या आधी हे कळलं तर लोक अर्धा चमचा कमी घालतील, नंतर कळलं तर आमटी टाकून देतील.

फसवणुकीबद्दलही सावध राहा. बागायतदारांचे फोटो चोरून खोटी पानं काढतात आणि आगाऊ पैसे गोळा करतात. पैसे कोणत्या एकाच नंबरवर घेता ते हंगामाआधी सगळ्यांना कळवा. व्हॉट्सॲपला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. कुणा गिऱ्हाइकाचे पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायला सांगा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी केली नसेल तर करून घ्या आणि नोंदणी क्रमांक पेटीवर छापा. ‘१०० टक्के अस्सल’ या शब्दांपेक्षा तो क्रमांक जास्त बोलतो.

आता ती पोस्ट. ती काढून टाका असं ताईंना सांगू नका, ग्रुपच्या ॲडमिनलाही नाही. चार मित्रांकडून खाली ‘आम्हाला तर छान आंबे मिळाले’ असं लिहून घेऊ नका. लोकांना ते लगेच कळतं आणि उरलंसुरलं जातं. तुमचं ते रागाचं उत्तर आहे तिथेच राहू द्या, गुपचूप पुसू नका, आणि त्याच्या खाली, तुमच्याच नावाने, एवढंच लिहा:

‘ताई, तुमचे फोटो मी दोन दिवस उघडले नाहीत, ही माझी चूक. वर मी जे लिहिलं तेही चुकलं. तुमच्या पेटीत साका निघाला होता. तो हापूसमध्ये निघतो, पण हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. पाच आंब्यांचे पैसे परत करतो आहे. पुढच्या हंगामापासून साक्याची माहिती प्रत्येक पेटीसोबत जाईल.’

खाली कुणी वाद घातला तरी पुन्हा उत्तर देऊ नका. ते वाचणारी सोसायटीतली बाकीची घरं वादात कोण जिंकलं हे बघत नाहीत, तुम्ही कसे बोलता ते बघतात. सगळी परत येतील असं मी सांगू शकत नाही. काही येणार नाहीत.

हे लिहायच्या आधी मात्र ताईंचा नंबर अनब्लॉक करा आणि त्यांना फोन लावा. मेसेज नको. दुपारी चारच्या सुमाराला लावा, जेवणं आटोपलेली असतात. पहिलं वाक्य माफीचं असू दे, साक्याचं शास्त्र त्यांनी विचारलं तरच सांगा. त्या बोलतील ते पूर्ण ऐकून घ्या, मध्ये ‘पण’ म्हणू नका. फोन उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी एकदा करून बघा, तिसऱ्यांदा नको. त्यानंतर पाच आंब्यांचे पैसे पाठवा, सोबत दोन ओळी, आणि जानेवारीत पहिला मोहोर आला की त्याचा फोटो ज्यांना जाईल त्या यादीत त्यांना विचारून त्यांचं नाव घाला.